सॅलिसबरी कॅथीड्रलचं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड फिरायला आलेली आपली मंडळी स्टोनहेंजसाठी सॅलिसबरीला येतातच, कारण लंडनच्या वॉटर्लूहून ट्रेन तिथपर्यंत जाते आणि पुढे बस. मग दोन-तीन तास हातात असतात म्हणून कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बघून घेतात, तो १२३ मीटरचा मनोरा, आत ठेवलेली १२१५ ची मॅग्ना कार्टाची प्रत, ते जुनंपुराणं घड्याळ, चार फोटो काढले की चला स्टेशनवर. आणि संध्याकाळी साडेपाचला तिथे जे सुरू होतं ते राहूनच जातं. पाहुण्यांनी, ऑफिसातल्या मित्रांनी आणि फोनवर आईने जे जे विचारलं ते सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

संध्याकाळी साडेपाचला नक्की काय असतं? कॉन्सर्ट का?

नाही, कॉन्सर्ट अजिबात नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. त्याला इव्हनसाँग म्हणतात. अँग्लिकन चर्चची संध्याकाळची रोजची प्रार्थना, पण जवळजवळ सगळी गायलेली. साधारण पाऊण तास चालते. शाळेच्या टर्ममध्ये बहुतेक सगळ्या दिवशी असते, कोणी ऐकायला येवो न येवो. जानेवारीतल्या पावसाळी मंगळवारी तिथे गाणारे वीसपंचवीस आणि ऐकणारे दहा-बारा अशी परिस्थिती असू शकते आणि तरी तेवढ्याच तयारीने गातात, मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे. ख्रिसमसच्या गर्दीतला कार्यक्रम छान असतोच पण कॅथीड्रलचं संगीत म्हणजे काय ते कळायला एखादा साधा आडवारच गाठा.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी काडीमोड घेतल्यावर इंग्लंडचं चर्च वेगळं झालं, मग १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅनमरने इंग्रजीत प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि त्यात संध्याकाळ आणि रात्र अशा दोन जुन्या लॅटिन प्रार्थना एकत्र करून ही एक केली. त्या जुन्या प्रार्थनांची सॅलिसबरीची स्वतःची पद्धत होती, सारम म्हणायचे तिला, ती मध्ययुगात जवळजवळ सगळ्या दक्षिण इंग्लंडभर पसरलेली होती, आणि क्रॅनमरने त्यातूनच बरंच उचललं. म्हणजे ह्या गावाचा हात मुळातच आहे त्यात.

आम्ही ख्रिश्चन नाही. चालतं का? तिकीट किती?

चालतं. कोणी विचारत नाही. दिवसा टूरिस्ट म्हणून आत जायला तिकीट आहे, प्रार्थनेला नाही. दारावरच्या माणसाला फक्त 'इव्हनसाँग' म्हणा, तो आत सोडतो. पंधरा-वीस मिनिटं आधी गेलात तर अनेकदा गाणाऱ्यांच्या अगदी जवळच्या लाकडी बाकांवर बसवतात, आणि ती बाकं १२३६ च्या सुमाराची आहेत, इतका जुना पूर्ण संच ब्रिटनमध्ये दुसरा नाही म्हणतात. बसायला मात्र कडक आहेत, कंबरदुखीवाल्यांनी विचार करून बसावं.

फोन बंद, फोटो नाही, व्हिडिओ तर नाहीच. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत! हे आपल्या लोकांना फार जड जातं, इतकं सुंदर गायले आणि सगळे गप्प, काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पण ते प्रेक्षकांसाठी गातच नाहीयेत, तर टाळ्या कशाच्या. वाजवायच्याच असतील तर सगळं संपल्यावर ऑर्गनवाला जो मोठा पीस वाजवतो तो पूर्ण ऐका आणि मग बघा आजूबाजूचे काय करतात.

आपण पण गायचं असतं का? उभं कधी राहायचं?

एखादं हिम (hymn), म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचं भजन, असलं तर सगळे गातात, बाकी सगळं क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, गातं. छापलेला कागद किंवा छोटं पुस्तक देतात, त्यात उभं राहा, बसा असं लिहिलेलं असतं. नाही कळलं तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंकडे बघून तसं करायचं, तिथे नेहमी एक अशा बाई असतातच.

क्रम काय असतो?

आधी छोटे संवाद, प्रीसेंटर म्हणून जो पाद्री असतो तो एक ओळ गातो आणि क्वायर उत्तर देतं. मग साम म्हणजे स्तोत्र. मग बायबलमधला एक उतारा, मग मॅग्निफिकॅट म्हणजे मरियेचं गाणं, दुसरा उतारा, मग नुंक दिमित्तिस म्हणजे म्हाताऱ्या शिमोनचं, की आता मला शांतपणे जाऊ दे. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातली. मग श्रद्धेचा जाहीरनामा, प्रार्थना, आणि मग अँथम, म्हणजे त्या दिवसासाठी निवडलेली एक मोठी रचना. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात चक्क सूचना छापलेली आहे की जिथे गाणारे असतील तिथे आता अँथम होईल. शेवटी ऑर्गन.

मॅग्निफिकॅट आणि नुंक दिमित्तिसचे शब्द रोज तेच, चाल रोज वेगळी. तेच शब्द साडेचारशे-पावणेपाचशे वर्षं शेकडो कंपोझरांनी पुन्हा पुन्हा बांधलेत. सोमवारी ऐकलेलं आणि गुरुवारी ऐकलेलं ह्यांत तीनशे वर्षांचं अंतर असू शकतं.

ते साम गातात ते फार एकसुरी वाटतं, त्यात काय एवढं?

पहिल्यांदा सगळ्यांना तसंच वाटतं. मला मात्र आता सगळ्यांत जास्त तेच आवडतं त्यामुळे इथे जरा लांबण लागणार.

१५० सामं आहेत. प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या ३० दिवसांत वाटलेली आहेत, सकाळची वेगळी संध्याकाळची वेगळी, म्हणजे दर महिन्याला सगळी एकदा होतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी थोडी छाटून गातात पण पद्धत तीच. पंधरा तारखेच्या संध्याकाळी ७८ वं साम येतं, ते सत्तरच्या वर ओळींचं, इजिप्तपासून दावीद राजापर्यंत सगळी कहाणी, आणि क्वायरमधल्या पोरांना पंधरा तारीख बरोबर लक्षात असते.

चाल अगदी छोटी, एकेरी असेल तर दहा स्वर, दुहेरी असेल तर वीस. पण ओळी लहानमोठ्या, गद्यासारख्या, त्यांना मात्रा नाहीत. मग होतं काय की एका स्वरावर दोन शब्द येतील किंवा वीस येतील, ते सगळे बोलण्याच्या लयीत म्हणायचे आणि शेवटी नेमक्या अक्षरावर स्वर बदलायचा, आणि हे वीसपंचवीस जणांनी एका श्वासात करायचं, कोणी पुढे नाही कोणी मागे नाही. पुस्तकात खुणा असतात पण खुणांनी भागत नाही, रोज एकत्र गाऊनच ते येतं. कुठलंही क्वायर खरंच किती चांगलं आहे ते बघायचं असेल तर मोठा अँथम नका ऐकू, साम ऐका.

आणि समोरासमोर उभे असतात ते बघा. दक्षिणेकडची बाजू डीनची, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुख पाद्र्याची, उत्तरेकडची प्रीसेंटरची, एक ओळ ह्यांनी घ्यायची एक त्यांनी. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा तोंडं समोर करून अभंग झेलतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे कोणी पाय उचलत नाही.

गाणारे कोण असतात?

वरचा आवाज मुलांचा किंवा मुलींचा, साधारण ८ ते १३ वर्षांची, दोन्हीकडे सोळा-सोळाच्या आसपास. बरेचदा एक दिवस मुलं एक दिवस मुली, मोठ्या सणाला सगळे. खालचे आवाज म्हणजे आल्टो, टेनर, बास हे मोठ्या माणसांचे, त्यांना इथे ले व्हिकर म्हणतात, सहा जण असतात. पगारी, पण त्यावर घर चालत नाही, त्यामुळे दिवसा शिकवणारे, क्लासेस घेणारे, इतर नोकऱ्या करणारे असे लोक संध्याकाळी झगा घालून उभे राहतात. शिवाय कोरल स्कॉलर म्हणून एखादं वर्ष गायला आलेले तरुण.

सगळ्यांचा प्रमुख तो डायरेक्टर ऑफ म्युझिक, २००५ मध्ये डेव्हिड हॉल्स त्या पदावर आले. बाकीच्या जगात ऑर्गनिस्टला कंडक्टर म्हणून कोणी ओळखत नाही, इथे एकच माणूस दोन्ही असतो.

मुली आधीपासून होत्या का?

नाही हो. शेकडो वर्षं फक्त मुलगे. सॅलिसबरीने १९९१ मध्ये मुलींचं वेगळं क्वायर सुरू केलं, तेव्हाचे ऑर्गनिस्ट रिचर्ड सील ह्यांनी, आणि इंग्लंडच्या जुन्या कॅथीड्रलांमध्ये मुलांच्या बरोबरीचं, स्वतंत्र असं हे पहिलंच. तेव्हा ओरडा झाला होता चांगलाच. परंपरा बुडणार, मुलींचा आवाज तसा लागतच नाही, मुलगे गाणं सोडून देतील. मग बाकीच्यांनी हळूहळू तेच केलं, कँटरबरीने २०१४ मध्ये, आणि लंडनच्या सेंट पॉल्समध्ये पहिल्या मुली गायल्या तेव्हा २०२४ साल उजाडलं होतं.

डोळे मिटून ऐकलं तर मुलगे की मुली ते ओळखता येतं का ह्यावर लोक अजून भांडतात. भांडोत बापडे.

एक उंच दाढीवाला माणूस बाईच्या आवाजात गात होता, ते काय?

तो आल्टो, काउंटरटेनर. पुरुषच, फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वरचा हलका आवाज, वापरून वर गातो. ही कॅथीड्रलांमधली जुनी रीत, बाहेरच्या मैफलींतून ती जवळजवळ गेलीच होती. मग १९४० च्या दशकात कँटरबरी कॅथीड्रलमध्ये रोजची चाकरी करणारा आल्फ्रेड डेलर नावाचा एक आल्टो कंपोझर मायकेल टिपेटच्या कानावर पडला आणि तिथून हा आवाज पुन्हा जगाच्या स्टेजवर गेला. आज ऑपेरात जे काउंटरटेनर दिसतात त्यातले बरेच जण अशाच बाकांवर घडलेले असतात.

मुलांचा अभ्यास कधी होतो मग? आमच्या मुलाला / मुलीला पाठवता येईल का?

कॅथीड्रलच्या आवारातच शाळा आहे, सॅलिसबरी कॅथीड्रल स्कूल, मूळ १०९१ ची, सध्या जुन्या बिशपच्या वाड्यात भरते. क्वायरची मुलं सकाळी शाळेआधी रियाज करतात, मग दिवसभर सगळ्यांसारखे वर्ग, मग संध्याकाळी परत थोडी तालीम आणि इव्हनसाँग. ख्रिसमस आणि ईस्टरला बाकी मुलं सुट्टीवर असतात आणि ही कामावर, आणि घरच्यांनाही जेवणाचं टेबल त्यांच्या वेळापत्रकाने मांडावं लागतं. हे आधी नीट समजून घ्या. मुलाच्या आवडीपेक्षा आईबापांची ड्रायव्हिंगची तयारी जास्त लागते.

निवडीला व्हॉइस ट्रायल म्हणतात, साधारण सात-आठ वर्षांची मुलं. एक तयार केलेलं गाणं, वाजवलेला सूर गाऊन दाखवणं, थोडं वाचन. ग्रेडची सर्टिफिकेटं हवीतच असं नसतं, कान आणि चुणचुणीतपणा बघतात. फीमध्ये सवलत मिळते, गरजेप्रमाणे जास्तही, विचारायला लाजू नका. धर्माचं म्हणाल तर अनेक कॅथीड्रल सगळ्या घरांतल्या मुलांना ट्रायलला या म्हणतात, पण पोर आठवड्यातले अनेक दिवस ख्रिस्ती प्रार्थना गाणार आहे हे उघड आहे, तर घरी आजीआजोबांशी काय ते आधीच बोलून घ्या, नंतर व्हिडिओ कॉलवर नको.

पाच वर्षांत ते पोर इतकं स्वरवाचन शिकतं की समोर ठेवलेला नवा कागद संध्याकाळी गाऊन मोकळं होतं. माझ्या मते इतकं पक्कं संगीतशिक्षण ह्या देशात दुसरीकडे मिळत नाही. मात्र पूर्वी फार हाल असायचे मुलांचे, एकोणिसाव्या शतकात मराया हॅकेट नावाची एक बाई होती, तिने आयुष्यभर कॅथीड्रलं फिरून डीनमंडळींना पत्रांवर पत्रं लिहिली की ह्या मुलांच्या नावाचे जुने पैसे जातात कुठे, शिकवत का नाही, नीट ठेवत का नाही. तिला लोक क्वायरच्या मुलांची मैत्रीण म्हणायचे, डीन लोक काय म्हणत असतील कल्पना करा.

आवाज फुटला की काय करतात?

बंद. तेराव्या वर्षी तसंही शाळा बदलते. कोणाचा आधीच फुटतो, तर तो काही दिवस पानं उलटायला वगैरे मदत करतो. बरेच जण पुढे टेनर-बास होऊन कुठल्यातरी कॅथीड्रलला परत येतात.

ऑर्गनबद्दल सांगा ना

१८७७ चा, हेन्री विलिसने बांधलेला, ज्याला सगळे फादर विलिस म्हणतात. चार कीबोर्ड आणि पायाचा वेगळा. पाइप गाणाऱ्यांच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. सगळ्यात लांब पाइप ३२ फुटी, त्याचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सोळा कंपनांच्या आसपास, म्हणजे तो ऐकू येतो म्हणण्यापेक्षा बाकातून जाणवतो. गेल्या काही वर्षांत तो बराचसा उतरवून डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन कंपनीने साफ करून, दुरुस्त करून परत बसवला. विलिसचं अनेक ठिकाणचं काम नंतर लोकांनी बदलून टाकलं, इथलं बरंचसं टिकलं, कारण १९१६-१७ पासून १९४७ पर्यंत इथे वॉल्टर अल्कॉक हा ऑर्गनिस्ट होता आणि त्याचा त्या वाद्यावर फार जीव. हा अल्कॉक तीन राजांच्या राज्याभिषेकाला वाजवलेला माणूस, १९०२, १९११ आणि १९३७, आणि उरलेल्या वेळात वाफेच्या इंजिनांची मॉडेलं बनवायचा.

कोविडमधली बातमी कदाचित वाचली असेल, जानेवारी २०२१ मध्ये ह्याच कॅथीड्रलमध्ये लसीकरण केंद्र होतं आणि लस घेऊन खुर्चीवर बसलेल्या आजीआजोबांसाठी ऑर्गनिस्ट तासन् तास बाख, हँडेल वाजवत होते. जगातली सगळ्यात देखणी वेटिंग रूम असणार ती.

आवाज इतका घुमतो, शब्द कळतच नाहीत. माइक का नाही लावत?

बोलण्याला माइक असतो, गाण्याला नाही. दगडी इमारत, उंच छत, सूर संपल्यावरही काही सेकंद राहतो. हे सगळं संगीत त्या घुमण्याचा हिशेब करूनच लिहिलंय, म्हणून हळू बदलणारे स्वर, मध्ये मध्ये थांबे. तेच कोरड्या हॉलमध्ये गायलं की बिचारं वाटतं. कंडक्टरही थांब्यावर मुद्दाम वाट बघतो. शब्द हातातल्या कागदावर असतात, आणि क्वायरजवळ बसलात तर बऱ्यापैकी कळतातही.

कोणाकोणाचं संगीत असतं?

म्युझिक लिस्ट वेबसाइटवर असते, आठवड्याची नावं आधीच बघता येतात. टॅलिस, बर्ड, गिबन्स, पर्सेल हे जुने. बर्ड तर कॅथलिक होता, म्हणजे ज्या चर्चचं संगीत लिहायचा त्या चर्चच्या कायद्यात दंडाला पात्र, तरी लिहिलं. मग मध्ये सगळं बंदच पडलं होतं, १६४४ मध्ये राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटने ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला, क्वायरं मोडली, ते १६६० ला राजा परत आल्यावर पुन्हा सुरू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दर्जा इतका घसरला की सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली ह्या कंपोझरने १८४९ मध्ये चिडून पत्रकच छापलं. मग स्टॅनफर्ड आला, त्याचं १८७९ चं बी फ्लॅट स्वरातलं मॅग्निफिकॅट आणि नुंक दिमित्तिस अजून दर दोन-चार आठवड्यांनी कुठेतरी वाजत असतंच.

आणि हर्बर्ट हॉवेल्स. ह्याच्याबद्दल मला पक्षपात आहे हे मान्य. १९१७ मध्ये तो इथेच सॅलिसबरीला अल्कॉकच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागला, पण आजारपणामुळे लवकरच नोकरी सोडावी लागली, डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, रेडियमचे उपचार झाले जे तेव्हा नवेच होते, आणि गडी १९८३ पर्यंत जगला. पण १९३५ मध्ये त्याचा नऊ वर्षांचा मुलगा पोलिओने गेला आणि त्यानंतरच्या संगीतात ते सगळीकडे आहे. त्याने एकेका कॅथीड्रलसाठी वेगळा मॅग्निफिकॅट आणि नुंक दिमित्तिस लिहिला, तिथला घुमारा डोक्यात ठेवून, ग्लॉस्टरचा वेगळा, सेंट पॉल्सचा वेगळा, सारम नावाचा एक इथलाही आहे. लिस्टवर हॉवेल्स दिसला तर प्लॅन बदला आणि जा.

नव्या रचनाही सतत असतात, जुडिथ वियर वगैरे. हे म्युझियम नाही.

काही मसालेदार गोष्टी आहेत का ह्या जागेच्या?

आहेत की. सोळाव्या शतकात जॉन फॅरंट नावाचा ऑर्गनिस्ट होता, त्याची बायको डीनची पुतणी-भाची कोणीतरी, आणि तो तिला वाईट वागवायचा अशी तक्रार डीनकडे गेली. तर १५९२ मध्ये हा पठ्ठ्या चालू इव्हनसाँगमधून उठून झग्यासकट डीनच्या घरी गेला, सुरा काढून धमकावलं, डीन पळाला, ह्याच्या हातात फक्त त्याचा गाऊन फाटून आला, आणि हा परत येऊन उरलेली प्रार्थना गायला उभा! नोकरी गेली अर्थात. मग हेरफर्डला लागला.

दुसरा मायकेल वाइज, उत्तम कंपोझर, १६६८ पासून इथे ऑर्गनिस्ट. १६८७ च्या ऑगस्टमध्ये रात्री बायकोशी भांडून तणतणत बाहेर पडला, गस्तवाल्याशी वाजलं आणि त्याच्या फटक्याने मेला. त्याचे अँथम अजून गातात.

एक चांगला माणूसही सांगतो, कवी जॉर्ज हर्बर्ट. १६३० पासून शेजारच्या बेमर्टनला पाद्री होता, आठवड्यातून दोनदा चालत कॅथीड्रलला गाणं ऐकायला यायचा आणि मग मित्रांबरोबर स्वतः वाजवत बसायचा. एकदा वाटेत कोणाचा घोडा ओझ्याखाली पडला होता तो उचलायला मदत केली आणि बैठकीला चिखलाने माखून पोचला अशी गोष्ट त्याच्या जुन्या चरित्रात आहे.

ख्रिसमसला यायचं का?

त्याआधी या, अॅडव्हेंटला, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. 'अंधाराकडून प्रकाशाकडे' अशी मिरवणूक-प्रार्थना असते, सगळी इमारत पूर्ण काळोखात, पश्चिमेच्या टोकाला एक मेणबत्ती लागते आणि मग क्वायर गात गात पूर्वेकडे सरकतं तशा मेणबत्त्या वाढत जातात, शेवटी हजाराच्या वर. लागोपाठ तीन संध्याकाळी असते तरी तुडुंब गर्दी. जागेचं काय ते वेबसाइटवर आधीच बघा, आणि स्वेटर घाला, आत बाहेरच्याइतकीच थंडी असते.

लहान मुलगा बिशप होतो म्हणे?

हो. सेंट निकोलसच्या दिवसाच्या सुमारास, ६ डिसेंबर. मॅग्निफिकॅटमध्ये 'त्याने बलवानांना आसनावरून खाली ओढलं' अशी ओळ आहे, बरोबर त्या ओळीला खरा बिशप खुर्ची सोडतो आणि क्वायरमधलं निवडलेलं पोर तिथे बसतं, टोपी काठी सगळं, प्रवचनही देतं, आणि बरेचदा ते मोठ्यांपेक्षा बरं असतं. मध्ययुगातली रीत, आठव्या हेन्रीने बंद केली, विसाव्या शतकात परत आली. कॅथीड्रलमध्ये एक छोटी दगडी मूर्ती आहे ती अशाच एका बालबिशपची कबर म्हणून पूर्वी दाखवायचे, अभ्यासक मात्र तसं मानत नाहीत.

नवीन मुलं क्वायरमध्ये आली की मोठी मुलं त्यांचं डोकं एका ठरलेल्या दगडाला टेकवतात, ठोकतात म्हणा, ही पण रीत आहे. हळूच. आईबाप उभे असतात बाजूला.

मोठा फेस्टिव्हल वगैरे?

सदर्न कॅथीड्रल्स फेस्टिव्हल, जुलैत, सॅलिसबरी, विंचेस्टर आणि चिचेस्टर आळीपाळीने. १९६५ च्या चिचेस्टरच्या पाळीला तिथले डीन वॉल्टर हसी ह्यांनी न्यूयॉर्कच्या लेनर्ड बर्नस्टाइनकडून रचना मागवली, ती 'चिचेस्टर साम्स', हिब्रू शब्दांची, आणि आज जगभर गातात. पश्चिमेकडे ग्लॉस्टर, हेरफर्ड, वुस्टर ह्या तिघांचा थ्री क्वायर्स अजून जुना, अठराव्या शतकापासूनचा.

इतका मोठा मनोरा, घंटा का वाजत नाहीत?

घड्याळाचे टोले पडतात. पण दोर ओढून वाजवायचा घंटांचा संच सॅलिसबरीत नाही, पूर्वी घंटांसाठी वेगळा मनोरा होता तो अठराव्या शतकाच्या शेवटी पाडून टाकला. गंमत म्हणजे पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या होली नेम कॅथीड्रलला तसा संच आहे.

हे भारतात ऐकायला मिळेल का?

रोजचं असं नाही. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ च्या ख्रिसमसला उघडलं, चर्चगेटचं नाव त्याच्यावरूनच, आणि आजची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूल १८६० मध्ये सुरू झाली ती ह्या चर्चला गाणारी मुलं मिळावीत ह्या विचाराने, हे तिथे शिकलेल्या अनेकांनाही माहीत नसतं. पुण्याचं पंचहौद आपल्याला १८९० च्या चहामुळे माहीत, टिळक, रानडे, प्रायश्चित्त वगैरे, पण तिथलं कॅथीड्रल १८८५ चं आहे. १९७० पासून दोन्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. रविवारची प्रार्थना आणि ख्रिसमसचे कॅरल मिळतील, कधी जमलं तर जाऊन या.

घरबसल्या?

बीबीसी रेडिओ ३ वर दर बुधवारी दुपारी कोरल इव्हनसाँग लागतं, दर आठवड्याला बहुतेक वेगळं कॅथीड्रल किंवा कॉलेज. पहिल्यांदा ७ ऑक्टोबर १९२६ ला वेस्टमिन्स्टर अॅबीतून लागलं होतं. हेडफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर ऑर्गनचा खालचा अर्धा भाग गायबच होतो.

ह्याला पैसा कोण देतं?

सरकार पगार देत नाही. जुन्या देणग्या, टूरिस्टांची तिकिटं, लोकांची वर्गणी, आणि कॅथीड्रल म्युझिक ट्रस्टसारख्या संस्थांची मदत, ही संस्था १९५६ पासून आहे, आधी वेगळ्या नावाने होती. संगीताचा खर्च कॅथीड्रलच्या मोठ्या खर्चांपैकी, आणि पैसे कमी पडले की पहिली नजर तिकडेच जाते. दारात थाळी असते, कार्डही चालतं. पाऊण तास फुकट ऐकलंत तर काहीतरी टाका.

लहान बाळ घेऊन गेलं तर?

चालतं, दाराजवळच्या बाजूला बसा. रडलं तर बाहेर घेऊन जा, भोवती भरपूर हिरवळ आहे.

आम्ही ऑगस्टमध्ये येतोय, मिळेल ना?

इथेच सगळे फसतात. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर शाळेला सुट्टी, म्हणजे क्वायरलाही सुट्टी. त्या काळात गावोगावची पाहुणी क्वायरं येऊन आठवडा-आठवडा गातात, काही फारच छान असतात, काही यथातथा. शाळेचं क्वायरच ऐकायचं असेल तर मे, जून किंवा मग सप्टेंबरच्या मध्यानंतर, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातली हाफ टर्म, म्हणजे शाळेची मधली सुट्टी, टाळा. निघायच्या दिवशी सकाळी वेबसाइटवर त्या दिवसाची नोंद बघा, कधी लग्न, कधी पदवीदान, वेळ बदलते. रविवारी तर लवकरच असतं. संपल्यावर लंडनची ट्रेन आरामात मिळते, साधारण दीड तास लागतो, फक्त स्टोनहेंज त्याआधी उरकून घ्या कारण तिकडची बस संध्याकाळी नसते.